रॉक की जॅझ? सायमन फिलिप्सने दोन्ही कसं सांभाळलं

प्रश्न असा आलाय: "मी कोल्हापूरचा, वय एकवीस. ऑर्केस्ट्रात वाजवतो, मित्रांचा मेटल बँड आहे, आणि गेल्या वर्षापासून जॅझ शिकायला लागलोय. सगळे म्हणतात, एक काहीतरी धर. दोन्ही वाजवून टुरिंग ड्रमर म्हणून पोट भरता येतं का? कुणाचं करिअर डोळ्यांसमोर ठेवू?"

पोट भरता येतं. आणि डोळ्यांसमोर ठेवायला माझ्या मते इंग्लिश ड्रमर सायमन फिलिप्स. स्टीव्ह गॅड किंवा व्हिनी कोलायुटा हे अमेरिकन ड्रमर का नाहीत, असं तू विचारशील. ते दोघंही थोरच, पण त्यांचं वाजवणं ऐकून माणूस हातावर हात ठेवून बसतो. फिलिप्सच्या करिअरचे सांधे बाहेरून दिसतात. कुठल्या कामातून काय मिळालं आणि ते पुढे कुठे उपयोगी पडलं, हे सलग लावून बघता येतं. शिवाय तो आयुष्यभर दुसऱ्याच्या जागेवर जाऊन बसला आहे, आणि टुरिंग ड्रमरचं निम्मं काम तेच असतं.

जन्म १९५७, लंडन. वडील सिड फिलिप्स क्लॅरिनेट वाजवायचे, त्यांचा स्वतःचा डिक्सीलँड बँड होता. डिक्सीलँड म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या वळणाचा जॅझ. बाराव्या वर्षी पोरगा वडिलांच्या बँडमध्ये पगारी ड्रमर झाला आणि चारेक वर्षं तिथे वाजवत राहिला. या चार वर्षांकडे लोक "घरात संगीत होतं" म्हणून बघतात आणि पुढे जातात. मी तिथे थांबेन. क्लॅरिनेटच्या मागे ड्रम वाजवायचा म्हणजे आवाज सतत मुठीत धरायचा. पुढचं वाद्य ऐकू आलं पाहिजे, नाचणाऱ्यांचे पाय हलले पाहिजेत, आणि समोर उभा असलेला बँडलीडर तुझा बाप आहे. रॉकमध्ये नाव काढलेल्या फार थोड्या ड्रमरना वयाच्या त्या टप्प्यावर हळू वाजवायचे पैसे मिळाले असतील.

१९७३ मध्ये वडील गेले. सायमन सोळा वर्षांचा. त्यानंतर त्याला लंडनमध्ये 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' या संगीत नाटकात काम मिळालं. म्हणजे डिक्सीलँडमधून थेट रॉक ऑर्केस्ट्रात. रोज तोच प्रयोग, तीच गाणी, संचालकाच्या हाताकडे एक डोळा, आणि कालच्या इतकंच आजही ताजं वाजलं पाहिजे. तू ऑर्केस्ट्रा करतोस, तेव्हा हे तुला समजावून सांगायला नको. एका संध्याकाळी लावणी, मग पंचमदांचं गाणं, लगेच कोळीगीत आणि मग डिस्को, मध्ये फक्त निवेदकाचं एक वाक्य. मेटलवाल्या मित्रांना ऑर्केस्ट्रा कमीपणाचा वाटत असेल तर वाटू दे. ठेका बदलायला तुला जेवढा वेळ मिळतो, तेवढ्यात त्यांचं स्नेअरचं, म्हणजे कडक आवाजाच्या मधल्या ड्रमचं, ट्यूनिंगही होत नाही.

पुढची तीन-चार वर्षं नीट बघ. १९७६ मध्ये फिल मॅन्झनेरा आणि ब्रायन ईनो यांच्या '८०१' या बँडबरोबर लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमधला कार्यक्रम, ज्याची लाइव्ह रेकॉर्ड निघाली. जॅक ब्रूसच्या बँडमध्ये जागा. ब्रूस म्हणजे 'क्रीम'चा बेसवादक, पण मुळात जॅझच्या तालमीतला माणूस. आणि १९७७ च्या सुरुवातीला, विशी पूर्ण होते न होते तोच, 'जूडस प्रीस्ट' या हेवी मेटल बँडची 'सिन आफ्टर सिन' ही रेकॉर्ड. प्रीस्टला तो टूरवरही हवा होता. पण त्याने जॅक ब्रूसला शब्द दिलेला होता, म्हणून तो गेला नाही आणि ती जागा लेस बिंक्सला मिळाली.

तू मेटल वाजवतोस, म्हणून या रेकॉर्डवर जरा रेंगाळतो. डबल बेस ड्रम, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायचे दोन मोठे ड्रम, हा आज मेटलचा कणा मानला जातो. फिलिप्सकडे तो आला कुठून? जॅझ-रॉकचा ड्रमर बिली कोबम याच्याकडून. कोबमच्या १९७३ च्या 'स्पेक्ट्रम' रेकॉर्डवर 'क्वाड्रंट फोर' आहे, दोन्ही पायांवर धावणारा शफल, म्हणजे झुलता ठेका. जॅझ-रॉकच्या माणसाचे पाय ऐकून तयार झालेला पोरगा प्रीस्टच्या रेकॉर्डवर बसला, आणि त्याच रेकॉर्डमधलं 'डिसिडंट अॅग्रेसर' अकरा वर्षांनी 'स्लेअर'ने पुन्हा वाजवलं. म्हणजे तुझ्या मेटल बँडची वंशावळ काढायला गेलास तर वाटेत जॅझवाला भेटणारच. "एक काहीतरी धर" म्हणणाऱ्यांना हे ऐकव.

१९८० मध्ये गिटारवादक जेफ बेकची 'देअर अँड बॅक' आली. तिच्यातलं 'स्पेस बूगी' फिलिप्सने टोनी हायमसबरोबर रचलंय. दोन बेस ड्रमवरचा भन्नाट वेगाचा शफल आणि त्यात सात मात्रांची चाल. सात म्हटलं की आपल्या डोक्यात रूपक वाजायला लागतो, पण इथे रूपकाचा तीन-दोन-दोन शोधत बसलास तर हरवशील. गिटारची ओळ धर आणि तिच्याबरोबर मोज. याच वर्षी हेवी रॉकचा गिटारवादक मायकेल शेंकर याच्या नव्या ग्रुपची पहिली रेकॉर्ड, आणि 'द हू'चा गिटारवादक-गीतकार पीट टाउनशेंड याच्या 'एम्प्टी ग्लास'वरही तो आहे. फ्यूजन (म्हणजे जॅझ-रॉक), हेवी रॉक आणि गीतकाराचा रॉक, तिन्ही एका वर्षात. तीन वर्षांनी माइक ओल्डफील्डची 'क्रायसेस'. तिच्यातलं 'मूनलाइट शॅडो' कधीतरी हेडफोनवर ऐक. 'स्पेस बूगी' वाजवणाऱ्या माणसाने इथे किती सोडून दिलंय ते बघ. या रेकॉर्डच्या निर्मितीतही त्याचा हात होता, म्हणजे जास्त वाजवायला त्याला अडवणारं कुणी नव्हतं.

आता टूरकडे येतो, कारण तुझा खरा प्रश्न तिथे आहे.

१९८८ मध्ये 'रोलिंग स्टोन्स'चा गायक मिक जॅगर याचा स्वतःचा जपान-ऑस्ट्रेलिया दौरा, गिटारवर जो सॅट्रियानी. 'स्टोन्स'च्या गाण्यांमागे त्यांचा ड्रमर चार्ली वॉट्सचा ठेका लोकांच्या कानात पंचवीस वर्षं मुरलेला. १९८९ मध्ये 'द हू'चा पंचविशीचा दौरा. तिथे आधीचा ड्रमर कीथ मून. मून १९७८ मध्ये गेला, त्यानंतर केनी जोन्स आला, आणि मग हा. मून सरळ ठेका धरायचाच नाही, गाणाऱ्याच्या अंगावर धावून गेल्यासारखा टॉमवरून, म्हणजे बाजूच्या लहानमोठ्या ड्रमवरून, फिरत राहायचा. त्याची नक्कल करायला गेलास तर हास्यास्पद होतं, आणि अगदीच सरळ वाजवलंस तर ते गाणं 'हू'चं राहत नाही. त्या दौऱ्यात बँड मोठा होता, ब्रासवाले होते, आणि टाउनशेंडला कानाचा त्रास असल्यामुळे तो बराचसा अकूस्टिक गिटारवर होता. फिलिप्सने तिथे मूनची हालचाल ठेवली, पण लय घड्याळासारखी. कट्टर 'हू'वाल्यांना ते फार नीटनेटकं वाटतं. मला वाटतं एवढ्या मोठ्या बँडला दुसरं काही परवडलं नसतं.

जाता जाता, टाउनशेंडच्या कानाची गोष्ट फक्त गिटारवाल्यांसाठी नाही. मेटलच्या तालमीला प्लग घालून बसत नसशील तर आजपासून बस. ऐकण्यातलं जे गेलं ते परत येत नाही, आणि आधी जातात ते वरचे स्वर. म्हणजे राइडचा, लय धरायच्या मोठ्या सिंबलचा, जो बारीक टणका जॅझमध्ये तुझी ओळख असतो, तोच.

मग १९९२. ऑगस्टमध्ये 'टोटो' या अमेरिकन रॉक बँडचा ड्रमर जेफ पोरकारो अचानक गेला, अडतीस वर्षांचा. 'किंगडम ऑफ डिझायर' या रेकॉर्डचा दौरा तोंडावर आलेला. बँडने विचारणा केली ती फक्त फिलिप्सला. कारण सांगतो, ते तुझ्या उपयोगाचं आहे. 'टोटो'चा गिटारवादक स्टीव्ह लुकाथर याने १९८६ मध्ये जपानमध्ये बेक आणि सँटाना यांच्या दौऱ्यात त्याच्याबरोबर वाजवलं होतं, आणि खुद्द जेफ पोरकारोला त्याचं वाजवणं आवडायचं. ऑडिशन नाही, जाहिरात नाही. सहा वर्षांपूर्वीच्या टूरवर तू कसा वागलास आणि कसा वाजवलास, हे कुणाच्या तरी लक्षात राहतं आणि एक दिवस फोन येतो. आपल्याकडेही कामं अशीच येतात. फरक एवढाच की आपल्याकडे फोन आदल्या रात्री येतो.

त्या जागेवर बसणं सोपं नव्हतं. बेसवर माइक पोरकारो, गेलेल्या ड्रमरचा सख्खा भाऊ. आणि रोजच्या यादीत 'टोटो'चं गाजलेलं गाणं 'रोझाना'.

'रोझाना'चा ठेका तू वाजवत असशीलच, तरी हात कुठे अडकतो ते सांगतो. हाफ-टाइम शफल. प्रत्येक मात्रेचे तीन भाग कर. हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडमीट होणारी सिंबलची जोडी, पहिल्या आणि तिसऱ्या भागावर. मधल्या भागावर स्नेअरवर अगदी हलका, जवळजवळ न ऐकू येणारा ठोका. आणि तिसऱ्या मात्रेवर स्नेअरचा मोठा फटका. पोरकारोने स्वतः सांगून ठेवलंय की त्यातला शफल ड्रमर बर्नार्ड पर्डीचा, थोडा 'लेड झेपेलिन'च्या जॉन बोनमचा, आणि बेस ड्रमची चाल जुन्या रॉक अँड रोलवाल्या बो डिडलीच्या धाटणीची. आता अडचण बघ. मोठा फटका तिसऱ्या मात्रेच्या पहिल्या भागावर पडतो आणि लगेच पुढच्या भागावर त्याच हाताने हलका ठोका द्यायचा असतो. फटका मारून काठी उसळते, आणि ती उसळी त्याच क्षणी मारून टाकावी लागते. नवशिक्याचा इथे एकतर फटका मवाळ होतो, नाहीतर हलका ठोका जाड होतो. हलक्या ठोक्याच्या वेळी काठीचं टोक कातड्यापासून बोटभर अंतरावरच असलं पाहिजे. आरसा समोर ठेव आणि बघ, कानापेक्षा डोळ्याला ते लवकर कळतं.

फिलिप्सच्या बाबतीत आणखी एक गंमत. तो हात ओलांडून वाजवत नाही. हाय-हॅट डाव्या हाताने, स्नेअर उजव्या हाताने, राइडही डाव्या बाजूला. ही मांडणी त्याने कोबमच्या वाटेने जाऊन आत्मसात केली. म्हणजे 'रोझाना'मध्ये पोरकारोचा डावा हात जे करायचा ते याचा उजवा हात करतो, आणि लयीचा धागा डाव्या हातात. ठोके सगळे जागच्या जागी, पण झोक वेगळा. खरं सांगू? मला 'रोझाना' पोरकारोचीच आवडते. त्याच्या शफलमध्ये एक सैलपणा आहे, फिलिप्सचा त्या मानाने ताठ आहे. पण फिल, म्हणजे ओळींच्या मधली जागा भरणारे ड्रमचे तुकडे, आले की तो त्याचे स्वतःचे वाजवायचा, पोरकारोचे उचलून आणायचा नाही. ठेका गाण्याचा, म्हणून जसाच्या तसा. फिल ड्रमरचे, म्हणून आपले. दुसऱ्याच्या जागेवर बसायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. त्या जागेवर तो २०१४ च्या सुरुवातीपर्यंत राहिला, पोरकारो स्वतः होता त्याहून जास्त वर्षं.

मधे एक खंड पडला तोही बघून ठेव. १९९५ मध्ये 'तांबू' रेकॉर्डच्या दौऱ्याच्या सुरुवातीला त्याची पाठ इतकी दुखावली की ग्रेग बिसोनेटला बदली यावं लागलं. ड्रमरचं करिअर बहुतेक वेळा पाठीवर, मनगटावर नाहीतर कानावर अडतं, ग्रूव्हवर क्वचित. ऑर्केस्ट्रात जे मिळेल त्या खुर्चीवर बसून वाजवतोस ना? प्लॅस्टिकची खुर्ची, खाली विटांचा तुकडा. ते बंद कर. स्वतःचं गोल स्टूल सोबत ने. मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती राहील एवढी उंची ठेव. दुसरं काही नेता आलं नाही तरी चालेल.

आता जॅझ. 'टोटो'त असतानाच, २००० मध्ये, त्याने 'व्हँटेज पॉइंट' ही सरळ मुख्य प्रवाहातल्या जॅझची रेकॉर्ड केली. मग २०११ पासून जपानी पियानोवादक हिरोमीच्या त्रिकुटात, बेसवर अँथनी जॅक्सन. 'व्हॉइस', 'मूव्ह', 'अलाइव्ह', 'स्पार्क' या चार रेकॉर्ड आणि त्यांचे दौरे. त्या त्रिकुटाच्या एखाद्या मैफिलीचं चित्रीकरण शोधून बघ. पियानोच्या शेजारी याचं अवाढव्य किट, दोन बेस ड्रम, टॉमची रांग, नळीसारखे ऑक्टोबन. जॅझच्या मानाने हा आचरटपणाच. पण डोळे मिटून ऐकलंस तर पियानोचा एक स्वर हरवत नाही. बारा वर्षांचा असताना क्लॅरिनेटच्या मागे जे शिकला, ते पन्नाशी ओलांडल्यावर हिरोमीच्या पियानोमागे वाजतंय. 'प्रोटोकॉल' नावाची त्याची स्वतःची रेकॉर्ड १९८८ मध्येच आली होती, पुढे त्याच नावाचा त्याचा नियमित बँड झाला.

तर तुझ्यासाठी यातलं काय? रॉकमध्ये लय स्नेअर आणि बेस ड्रमवर उभी असते, बाकीचं सजावट. जॅझमध्ये लय राइडवर आणि डाव्या पायाच्या हाय-हॅटवर असते, दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरची ती टिचकी. स्नेअर आणि बेस ड्रम बोलायला मोकळे. मेटलवाला जॅझ वाजवायला बसला की त्याचा उजवा पाय घात करतो. स्विंगमध्ये चारही मात्रांवर बेस ड्रम वाजवायचा, पण असा की श्रोत्याला ऐकू येऊ नये, फक्त बेसवादकाला जाणवावा. महिनाभर पेडलचा बीटर कातड्याला जेमतेम टेकवून वाजव. तुझ्या पायाला हे डबल बेसपेक्षा अवघड जाईल, पैज लावतो. आणि किटचं ट्यूनिंग: बावीस इंचाचा बेस ड्रम, आत उशी कोंबलेली, घेऊन जॅझला जाऊ नकोस. अठराचा मिळत नसेल तर उशी काढ आणि कातडं ताणून स्वर चढव. ब्रशचं काम (काठीऐवजी तारांचे ब्रश स्नेअरवर घासून वाजवणं) शिकवणारे आपल्याकडे कमी आहेत, पण तबलेकऱ्याजवळ बसलास तर डाव्या हाताच्या घासण्यातून बरंच कळेल.

वाचन शीक. नोटेशन येत नसेल तर आधी एका पानाचा चार्ट लिहायला शीक: किती बार, कुठे ब्रेक, कुठे ठेका बदलतो, शेवट कसा. कोलायुटाला अमेरिकन संगीतकार फ्रँक झापा याने १९७८ मध्ये घेतलं ते त्याच्या 'ब्लॅक पेज' या रचनेसारखं, सुरांनी काळं-कुट्ट भरलेलं पान पेलल्यावर. तुला कुणी तसलं पान देणार नाही, पण आदल्या रात्री फोन आल्यावर पंचवीस गाणी पाठ होत नसतात. परदेशातले आपल्या मंडळांचे कार्यक्रम असोत की गायकांचे दौरे, किट तिथलं भाड्याचं. सोबत आपला स्नेअर, सिंबल, पेडल आणि काठ्या, बाकी जे समोर येईल ते.

आपल्या बाजूचं उदाहरण हवं असेल तर त्रिलोक गुर्टू. मुंबईचा. आई गायिका शोभा गुर्टू, जन्माने बेळगावच्या. हाताला तबला, आणि किट असं की अर्धवट गुडघ्यावर बसून वाजवतो. 'ओरेगन' या अमेरिकन बँडमध्ये तो आला तो कॉलिन वॉल्कॉट १९८४ मध्ये अपघातात गेल्यावर. पुन्हा गेलेल्या माणसाचीच जागा. पुढे जॅझ-रॉकचा गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिन याच्या त्रिकुटात. आणि ड्रमर रणजित बारोट, कथ्थकच्या सितारादेवींचा मुलगा, अनेक वर्षं मुंबईच्या स्टुडिओत घालवून मॅक्लॉक्लिनच्या 'फोर्थ डायमेन्शन' या बँडमध्ये गेला. दोघांनीही घरचा ताल लपवला नाही, उलट त्याच जोरावर गेले.

"एक काहीतरी धर" म्हणणाऱ्यांचं एका बाबतीत मात्र खरं आहे. जॅझचा बँडलीडर तुझा मेटलचा व्हिडिओ बघून तुला बोलावणार नाही, आणि मेटलवाले ब्रश बघून हसतील. तेव्हा दोन वेगळी रेकॉर्डिंग तयार ठेव, आणि एकाला दुसरं पाठवू नकोस. पैशाचं म्हणशील तर पहिली काही वर्षं ऑर्केस्ट्राच घर चालवणार आहे, जॅझ नाही. तो सोडू नकोस. पासपोर्ट काढला नसशील तर या महिन्यात काढ. बदलीचा फोन आला की त्यांचा दुसराच प्रश्न तो असतो.